राबाआधी आवणी

आमचे भोईर सर तोंडात पाणी धरून माझ्या मागे बसायचे. गाल फुगलेले, डोळे माझ्या स्क्रीनवर. मी त्यांचा प्रोग्राम वापरत असताना तोंडून चुकून मदत निघू नये, म्हणून हा बंदोबस्त. "विचारायला लागलं तर चूक माझी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मुरबाडच्या त्या छोट्या ऑफिसात आम्ही गिरण्यांसाठी, दूधसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करायचो. दर वेळी मुळापासून लिहायला नको म्हणून सरांनी एक सांगाडा बांधला होता. तो उचलायचा, रिकाम्या जागा भरायच्या, नवं काम तयार. पण सरांना विचारल्याशिवाय तो कुणालाच जमत नसे.

"सर, तुमचा सांगाडा संध्याकाळी तुमच्याबरोबर शेणव्याला घरी जातो," आमचा संदीप म्हणायचा.

शेवटी मालकांनी सांगून टाकलं, शहापूरच्या भातगिरणीचं काम हिने एकटीने केलं तर सांगाडा ठेवू, नाहीतर मोडीत काढू. 'ही' म्हणजे मी. नवी, आणि कुणाला काही विचारायचं टाळणारी.

सांगाड्याच्या भागांना सरांनी भातशेतीतली नावं दिली होती: राब, पेरणी, आवणी. क्रम कुठेच लिहिलेला नव्हता. शाळेच्या सवयीने मी इंग्रजी अक्षरांप्रमाणे गेले. ए म्हणून आवणी पहिली. प्रोग्राम जागीच बसला.

सर खिडकीकडे धावले, चूळ टाकून आले. "अगो, राब भाजून जमीन केली नाय, पेरून रोप आलं नाय, नि आवणीला लावतेस काय?"

संदीप टेबलावर डोकं ठेवून हसला.

"हसू नको रे. तिला ठावं नाय, नि माझ्या सांगाड्याने सांगितलं नाय."

पुढचे कित्येक दिवस त्यांनी मान वर केली नाही. क्रम सांगाड्याच्या पोटातच घातला. प्रत्येक रिकाम्या जागेशी एक चालतं उदाहरण ठेवलं. मी अडखळले की ते मला नाही, सांगाड्याला दुरुस्त करायचे.

एका दुपारी गिरणीचं काम पुरं झालं. मी एकही प्रश्न विचारला नव्हता. सर पाणी गिळून म्हणाले, "कॉलेजात मी कधी हात वर केला नाय. तोंड उघडलं का पोरं हसायची. न विचारता जमायला पायजे गो माणसाला."

सांगाडा राहिला. त्यानंतर सरांच्या टेबलाशी कुणी जाईना. गरजच उरली नव्हती. ते आपला कीबोर्ड पुसत बसायचे.

एका संध्याकाळी खाली जीपवाला 'शहापूर, शहापूर' ओरडत होता. मी पर्स खांद्याला अडकवली आणि त्यांच्या टेबलापाशी थांबले.

"सर, शेणव्याला घरी कोण असतं?"

त्यांनी कीबोर्ड पुसायचं थांबवलं. "कोण नाय गो," म्हणाले, आणि समोरची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

मी बसले. खाली जीप भरली आणि निघून गेली.