मुडद्याचा पार्ट

मन्या मरायच्या आधी चहा घेत नसे.

"चहानं घसा हलते ताई," तो मला गंभीरपणे सांगायचा. "आन मेलेल्या मानसाचा घसा हलला त पब्लिक हासते."

मन्या म्हणजे मनोहर. वडनेर भोलजीहून रोज एसटीने मलकापूरला आमच्या कॉलेजात येणारा, बी.ए. पहिल्या वर्षाचा लांबुडका पोरगा. मी दुसऱ्या वर्षाला होते आणि नाटकाच्या ग्रुपमध्ये जरा मुरले होते. स्नेहसंमेलनाची निवड चालू होती. मन्या आधी गाण्याला गेला, गाणेवाल्यांनी त्याला नाचाकडे ढकललं, नाचवाल्यांनी आमच्याकडे. नाटक बसवणाऱ्या देशमुख सरांनी त्याला एक वाक्य म्हणायला दिलं. त्याचे ओठ हलले, आवाज काही आला नाही.

"बस बाबा खाली," सर म्हणाले.

तो बसला. असा बसला की निवड संपून आम्ही सतरंज्या गुंडाळायला लागलो, तेव्हा कळलं, एका सतरंजीवर अजून माणूस आहे.

सरांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. आमच्या एकांकिकेत गावचा सरपंच सुरुवातीलाच मरतो आणि पुढचं सगळं नाटक त्याच्या मुडद्याभोवती नातेवाईक भांडत बसतात. तो मुडदा व्हायला कोणीच तयार नव्हतं.

"मुडदा होशील का बे?"

"हाव सर!" मन्याचा आवाज पहिल्यांदा फुटला.

आम्हाला वाटलं, चला, सुटलो. पण दुसऱ्याच दिवशी तो सरांपुढे उभा. "सर, मी काऊन मेलो?"

"हार्ट अटॅकनं."

"जेवल्यावर का जेवायच्या आंधी?"

सरांनी चष्मा काढला. "त्यानं काय फरक पडते?"

"जेवल्यावर मेलो त पोट जराकसं वर राहीन ना सर."

सरपंच जेवल्यावर मेला असं शेवटी ठरलं.

मग तालमी सुरू झाल्या, आणि आमची थट्टा हळूहळू बंद पडत गेली. सरपंचाची बायको मी होते. रोज त्याच्या छातीवर कोसळून आक्रोश करायचा. एकदा माझ्या बांगड्या त्याच्या नाकावर आपटल्या, रक्ताचा थेंब आला. पापणी हलली नाही. थोरल्या मुलाचं काम करणाऱ्या संदीपने त्याच्या तळपायाला गुदगुल्या केल्या, कानात शिट्टी फुंकली. व्यर्थ. एका संध्याकाळी शिपाईकाका खिडक्या लावायला आले, त्यांनी आधी चप्पल काढली, हात जोडले आणि मग हळूच मला विचारलं, "कोन गेलं, बाई?"

"श्वास कुठं घेतो रे तू?" मी एकदा विचारलंच.

"पाठीतून," तो म्हणाला. "जमते. सवय करा लागते."

त्याच्यासमोर आम्हाला खोटं बोलता येईना. वाक्य विसरलेला संदीप त्या चेहऱ्याकडे पाहायचा आणि खरोखरचा बाप गेल्यासारखा भांडायला लागायचा. इतर पहिल्या वर्षाची पोरं खुर्च्या उचलायची. मन्यासाठी मात्र तालीम खोळंबायची. "मुडदा आला का?" सर दारातूनच विचारायचे. "मुडद्याची एसटी चुकली सर," आम्ही सांगायचो, आणि सगळे निमूट वाट पाहायचे. एक शब्दही न बोलता एवढी जागा व्यापणारा नट मी तोवर पाहिला नव्हता.

प्रयोगाच्या दिवशी त्याची आई आली. मन्याने घरी एवढंच सांगितलं होतं की, सरपंचाचा पार्ट आहे. त्यात खोटं काही नव्हतं. करड्या लुगड्यातली ती बाई पुढच्या रांगेत हातातली पिशवी मांडीवर घेऊन ऐटीत बसली होती.

पडदा उघडला. सरपंच खाटेवर पडला, गेला. मी हंबरडा फोडला. तेवढ्यात समोरून बारीक आवाज आला, "मनू?"

मग जरा मोठ्याने, "मनू, उठ बाप्पा."

हॉल हसला. पण ती उठून चालत रंगमंचापाशी आली, तिने फळीच्या कडेला दोन्ही हात धरले, आणि हसणं विरून गेलं. "माह्या पोराले काय झालं? तो हालून नाही राह्यला!"

विंगेत सर पुतळा झाले. माझं पुढचं वाक्य कुठल्या कुठे गेलं. सगळं नाटक आता बुडणार हे मला स्पष्ट दिसत होतं.

तेव्हा मुडद्याचा अंगठा हलला.

उजव्या पायाचा, आईच्या बाजूचा. सावकाश वर आला, खाली गेला. बाकी अंग दगड.

तिने पदर तोंडाशी धरला. "हाव," ती पुटपुटली. "हाव, हाव. चालू द्या तुमचं." आणि खुर्चीकडे न जाता तिथेच, बुटक्या रंगमंचाच्या कडेवर हात टेकून खाली बसली. आम्ही उरलेलं नाटक केलं. भांडलो, रडलो, हॉलने टाळ्या वाजवल्या. तिने त्यातलं काही पाहिलं असेल असं वाटत नाही. ती त्या अंगठ्याकडे पाहत होती. आणि मी पायाशी बसले होते म्हणून मला दिसलं, अधूनमधून तो अंगठा तिच्यासाठी जरासा हलत होता.

पडदा पडल्यावर सर धावत आले. "मुडदा अंगठा हलवते का बे?"

मन्या खाली मान घालून उभा राहिला. "सर, बाबा झोपेतच गेले. तवापासून घरात कोनी जरा जास्त येळ झोपलं की आई हलवून पाह्यते. म्हून मी झोपतानी अंगठा हालवत राह्यतो. तो दिसला की तिचा डोया लागते."



बाहेर पायऱ्यांवर ती वाट पाहत होती. मन्या जाऊन तिच्या खालच्या पायरीवर बसला. तिने त्याची हनुवटी धरली आणि पदराने त्याच्या तोंडावरची पांढरी पावडर पुसायला लागली. कपाळ, गाल, कानामागचं. आतून संदीप ग्रुप फोटोसाठी हाका मारत होता. पावडर केव्हाच निघून गेली होती. ती पुसतच होती, आणि तो एवढंसंही न हलता तिला पुसू देत होता.