बबन हवालदारांना चालेल असं हत्यार

बबन हवालदार माझ्या दुकानात पक्कड घ्यायला यायचे ते खिशात टोमॅटो घालून. आमच्याकडे टोमॅटोला तोटा नाही, त्यामुळे पहिल्या वेळी मला वाटलं, भेट आणली. मी हात पुढे केला. त्यांनी टोमॅटो काउंटरवर ठेवला, माझ्या हातातली पक्कड घेतली, तिच्यात टोमॅटो धरून वर उचलला आणि डोळ्यांजवळ नेऊन सालीवर वळ उठले का ते पाहिलं. उठले होते. पक्कड माझ्याकडे परत आली, टोमॅटो त्यांच्या तोंडात गेला.

"दात लई हायेत हिला," ते म्हणाले. "मऊ हाताची दाखवा, शेठ."

मी विचारलं, "हवालदार, तुम्हाला पक्कड पाहिजे का सुईण?"

दुकानातली माणसं हसली. हवालदार हसले नाहीत. त्यांनी दुसऱ्या खिशातून दुसरा टोमॅटो काढला.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी आठवडे बाजारात गोणपाटावर खिळे मांडून धंद्याला सुरुवात केली. राजुरीच्या स्टँडजवळचं हार्डवेअरचं दुकान मी कोणाच्या मेहेरबानीने उभं केलेलं नाही. पायरी चढलेलं गिऱ्हाईक काहीतरी घेऊनच उतरतं, हा माझा लौकिक. भाव करण्यात जुन्नर तालुक्यात मला कोणी नमवलेलं नाही. पण भाव करायला समोरच्याने आधी वस्तू पसंत तर करायला हवी. हवालदार भावापर्यंत यायचेच नाहीत.

नव्वदच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांतली ही गोष्ट. हवालदार तेव्हा साठीला आले होते. फौजेत सगळी नोकरी हत्यारं दुरुस्त करण्यात गेलेली. गावी बारा बोअरची परवान्याची बंदूक होती आणि तिची पितळी काडतुसं ते स्वतः भरायचे. कधी एखादं भरलेलं काडतूस बिघडलं, की ते उलगडून आतली दारू, छरे, पुठ्ठ्याच्या चकत्या असं सगळं सुटं करायचं, त्यासाठी त्यांना हत्यार हवं होतं. इतकंच त्यांनी मला सांगितलं होतं.

मी त्यांना बाटलीचं बूच काढायचा स्क्रू दाखवला. "लोखंड. दारूपाशी लोखंड न्यायचं न्हाई." मी चिमटा दाखवला. "काठ खरवडतो." त्यांच्या पुण्याच्या मेहुण्याने कुठून तरी प्लॅस्टिकचा हातोडा आणून दिला होता. काडतूस त्यात घालून हातोडा आपटला, की पुढची गोळी सैल होऊन आपोआप बाहेर येते म्हणे. तो त्यांनी मला अभिमानाने आणून दाखवला आणि लगेच बाजूला ठेवला. "हे रायफलवाल्यांचं. आपलं छऱ्याचं. पण बनवनाऱ्यानं डोकं लावलंय. तुमी लावा की राव."

हे शेवटचं वाक्य चार लोकांसमोर. त्यावर कडी म्हणजे चहाच्या टपरीवर त्यांनी सांगितलं, "शेठचं दुकान मोठं हाय, माल शिकाऊ हाय." आठ दिवसांत सगळा गाव मला शिकाऊ मालवाला म्हणायला लागला. माझ्या सख्ख्या मेव्हण्याने बिजागरी घेताना विचारलं, "शिकलेली हाय ना?"

एवढं होऊनही मी त्यांना सहा हत्यारं घरी वापरून बघायला दिली. आजपर्यंत कोणाला दिली नव्हती. मला त्यांच्या तोंडून एकदा फक्त 'चांगलं आहे' एवढं ऐकायचं होतं. महिना झाला तरी हत्यारंही नाहीत आणि उत्तरही नाही. माझं डोकं फिरलं. दुकान बंद करून, फटफटी काढून मी त्यांच्या दारात उभा राहिलो.

हवालदारांच्या बायको, काकू, शांतपणे म्हणाल्या, ते घाटमाथ्यावर आहुप्याला गेणूबाबाकडे गेलेत. दर महिन्याला जातात. पिशवीत हत्यारं होती का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, तीच तर घेऊन गेलेत.

माझा माल आणि आहुप्याला. मी तसाच निघालो. घोडेगाव मागे पडलं, डिंभ्याचं पाणी उजवीकडे दिसायला लागलं, पुढे रस्ता म्हणजे नुसती खडी. प्रत्येक खड्ड्याला माझं भाषण तयार होत होतं. आहुप्यात पोचेपर्यंत ते चांगलं तासाभराचं झालं होतं.

गेणूबाबाचं घर विचारल्यावर लगेच सापडलं. मागच्या पडवीत, उजेडाच्या बाजूला, बबन हवालदार पोत्यावर मांडी घालून बसले होते. समोर पितळी काडतुसांची रांग, शेजारी माझी सहा हत्यारं. मी तोंड उघडलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग माझ्या ओठांतल्या विडीकडे बोट केलं. ती मी दूर जाऊन विझवली, आणि तेवढ्यात भाषणाची सुरुवात विसरलो.

"बाबा गुरांमागं गेलाय," ते कुजबुजले. "तो यायच्या आत उरकायचंय."

मग त्यांनी सांगितलं. फौजेत जायच्या आधी बंदुकीची पहिली अक्षरं त्यांनी गेणूबाबाकडे गिरवली होती. बाबाचं वय आता ऐंशीच्या पुढे. भातावर रानडुकरं उतरतात, त्यांना हाकलायला बाबा शेतातल्या माळ्यावर बसून हवेत बार काढतो. काडतुसं आपल्या हातानेच भरतो, दुसऱ्याच्या हातची त्याला चालत नाहीत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय आणि मापाचा अंदाज गेलाय. कुठल्या काडतुसात दारू अर्धी, कुठल्यात दुप्पट.

"दुप्पटीचं उडलं तर नळी फुटंल. तोंडावर फुटंल."

मी म्हणालो, मग सांगा ना त्याला.

"सांगितलं की तो बंदूक खुंटीला लावनार, माळा सोडनार आन घरात बसनार. मग किती दिस काढंल? तुमीच सांगा."

म्हणून ते दर महिन्याला 'मिलिटरीची तपासणी' असं नाव सांगून यायचे. बाबाचं एकेक काडतूस उलगडायचं, दारू नीट मापून भरायची, तेच छरे, तीच चकती, वरून बाबाचंच रानातल्या मधमाशांचं मेण. कारण बाबाला दिसत नसलं तरी बोटांना सगळं कळतं. काडतुसाच्या काठावर एक ओरखडा लागला, चकतीची कड जरा फाटली, की कोणी हात लावला हे त्याला समजणार. माझी सहाही हत्यारं त्यांनी आधी सोबत आणलेल्या आपल्याच काडतुसांवर वापरून पाहिली होती, आणि सगळ्यांनी ओरखडे काढले होते. सैल चकत्या नुसत्या बोटांनी निघाल्या होत्या, पण घट्ट बसलेली तीन काडतुसं अजून उलगडायची राहिली होती.

मी ती तीन काडतुसं हातात घेऊन पाहिली. चकती काठाच्या आत अगदी चपखल बसलेली. बाजूने धरायला जागाच नाही. म्हणजे धरायची तर मधोमध. मधोमध शिरणारं, लोखंडाचं नसलेलं, ओढायला कडी असलेलं काहीतरी. मी पडवीत इकडेतिकडे पाहिलं. भिंतीवर खंडोबाचा फोटो होता. मी उठलो, फोटो खाली उतरवला, उलटा केला. चौकटीच्या पाठीला दोरी ओवायची बारीक पितळी कडी होती, मागे स्क्रूचे आटे असलेली. असल्या कड्या माझ्या दुकानात डबाभर पडलेल्या असतात. मी ती पिरगाळून काढली आणि हवालदारांच्या हातावर ठेवली.

त्यांनी ती नखाने खरवडली. पितळच होतं. चकतीच्या मध्यावर टेकवून बोटांनी हळूहळू फिरवली, कडीत दोरा ओवला आणि सरळ वर ओढला. चकती बुचासारखी अलगद आली. काठाला धक्का नाही. मधलं भोक मेणाखाली झाकलं जाणार होतं.

त्यांनी काडतुसाच्या काठावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "शेठ, चांगलं हाय."

मी हिशेबी माणूस आहे. आयुष्यात मोठमोठे सौदे जिंकलेत. पण त्या दिवशी आहुप्याच्या पडवीत माझी छाती जी फुगली, ती तशी पुन्हा फुगली नाही.

शेवटचं काडतूस बंद होतंय तोवर बाहेर गुरांच्या घंटा वाजल्या. बाबा काठी टेकत आला. पडवीत पाऊल टाकताच त्याचा हात नेहमीच्या जागी भिंतीवर गेला.

"देव खाली का बसवलाय रं?"

"दोरी कुजली व्हती, बाबा," मी म्हणालो. "मी हार्डवेअरवाला. नवी कडी लावून देतो."

बाबा पोत्यावर टेकला. एकेक काडतूस उचलून त्याने काठावरून बोट फिरवलं, मेण चाचपलं, कानाशी नेऊन हलवलं. हवालदार बाजूला उभे होते. झेंड्यासमोरही मी त्यांना इतकं ताठ उभं पाहिलेलं नव्हतं. शेवटचं काडतूस खाली ठेवून बाबा खूश होऊन हसला.

"काय म्हंती तुमची मिलिटरी? हात आजून बसलेला हाय का न्हाई माझा?"

"मिलिटरीत असं भरनारा एक न्हाई, बाबा."

"मंग?" बाबा माझ्याकडे वळला. "पावणं, ह्याला मी शिकवला. हुशार हाय, पर ह्याचा हात जरा घाई करतो. लहानपनापास्नं. ह्याला सांगत जा, येवढ्यात बंदूक सोडू नको म्हनावं, आजून लई शिकायचं हाय तुला."

फौजेत कित्येक वर्षं हत्यारं सांभाळलेले, माझा माल शिकाऊ ठरवणारे बबन हवालदार खाली वाकले आणि त्यांनी बाबाच्या पायांना हात लावला.

"शिकतोय बाबा," ते म्हणाले. "फुडल्या महिन्यात येतो."