हिंदुरावांची भिंत

माझ्या पुतणीच्या लग्नात नवरी हिरवा शालू नेसून बोहल्यावर आली, तेव्हा फोटो काढायला उभे असलेले हिंदुराव एक डोळा मिटून, दुसऱ्यापुढे लाल काच धरून म्हणाले, "शालू झ्याक करडा हाय." माझी भावजय त्यानंतर वर्षभर त्यांच्याशी बोलली नाही.

ती काच कॅमेऱ्याच्या भिंगापुढे लावायची. तिच्यातून पाहिलं की बाकीचे रंग मरतात आणि काळ्या-पांढऱ्या फोटोत काय उतरेल याचा अंदाज येतो. हिंदुराव ती शर्टाच्या खिशात बाळगत आणि ढग, भाजी, पुढाऱ्यांची पोस्टरं, सगळं तिच्यातून बघत. शाहूपुरीत त्यांचा छोटा स्टुडिओ होता. लग्नं रंगीत काढायची, पासपोर्ट फोटो काढायचे, हे पोटासाठी. रविवार मात्र काळा-पांढरा. त्या दिवशी पन्हाळा, मसाई पठार, नाहीतर त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या वैनींचं, माहेर नेसरी. पुढे हिंदुराव, मागे चादरीत गुंडाळलेला ट्रायपॉड खांद्याला लावून वैनी, अशी ती लुना निघाली की नाक्यावरचा पोलीस हमखास अडवायचा. "बंदूक हाय व्हय?" वैनी म्हणायच्या, "तीन पायांची. सोडू काय?"

साडीच्या दुकानात वैनी लाल घ्यावी की हिरवी यावर अडल्या, की हे म्हणत, "दोन्ही करड्याच. अंगाला मऊ लागंल ती घे." आणि करडा म्हणजे त्यांच्या लेखी एक रंग नव्हता. राखेचा करडा, उंदराचा करडा, भिजल्या घोंगड्याचा करडा, गुऱ्हाळाच्या धुराचा करडा. आमच्या छायाचित्र मंडळात नवा सभासद आला की हिंदुराव त्याच्यापुढे फोटो धरून विचारत, "ह्यो कुठला?" चुकला की, "न्हाय. परत बघ." बिचारा परत बघायचा. "न्हाय." चूक म्हणून त्यांनी कुणाची सोडली नाही. मी मंडळाचा सेक्रेटरी, माझीही नाही. "शेक्रेटरी, काळं आन् पांढरं नावाला असतंय. सगळी मजा मधल्यात."

एकदा पन्हाळ्यावर ते एका ढगासाठी सकाळपासून थांबले होते. ढग जागेवर आला आणि हातकणंगल्याचं एक कुटुंब नेमकं कॅमेऱ्यापुढे येऊन उभं राहिलं. "आमचा बी एक काढा की," त्यातला कर्ता म्हणाला.

"पावणं, तुमी डोंगरावर उभं हाय."

"मग कुठं उभं ऱ्हावं?"

"हातकणंगल्यात."

या माणसाची आयुष्यात एकच मागणी होती. आमच्या वार्षिक प्रदर्शनात एक आख्खी भिंत. दरवर्षी त्यांना दोन फोटोंची जागा मिळे, तीही विजेच्या बटणांशेजारी. डोंगराशेजारी पंख्याचा रेग्युलेटर. हिंदुराव तक्रार करत नसत. फक्त वैनींना म्हणत, "पुढच्या साली भिंत." आणि वैनी मला म्हणत, "भावजी, ह्यांची भिंत झाली की मी जरीचं नेसून येणार. मला बघायची हाय ती."

डिजिटल कॅमेरे नुकते दिसू लागले, त्या सुमारास मंडळाने शेवटी ठराव केला. भिंत हिंदुरावांना. ते स्टुडिओत गडप झाले, आणि महिन्याने मोठाले फोटो घेऊन मंडळाच्या बैठकीला आले.

त्या बैठकीची गोष्ट मंडळात आजही सांगतात. फोटोंत मधलं काहीच नव्हतं. डोंगर डांबरासारखे काळे, आभाळ चुन्यासारखं पांढरं. सगळे करडे गायब. अध्यक्षांनी एक फोटो उलटसुलट केला आणि विचारलं, "हिंदुराव, हे फोटो हायत का बूटपॉलिश?" सगळे हसले. मीही. हिंदुराव एवढंच म्हणाले, "भिंतीवर हेच लागतील." म्हातारपणी हिंदुरावांची नजर गेली, आपण काय छापतोय ते त्यांना दिसेना, असं ती गोष्ट सांगणारे शेवटी म्हणतात. हे खरं नाही. खरं काय ते मला ठाऊक होतं, आणि ते दोघं असेपर्यंत मी बोललो नाही. आता दोघंही नाहीत.

त्यांना समजावायला मीच घरी गेलो होतो. वैनींनी चहा आणला. कपाच्या आत बोटाचं पेर बुडवून त्या चहा ओतत होत्या, आणि बोटाला चटका बसला की थांबत होत्या. त्या आत गेल्यावर हिंदुरावांनी आवाज खाली घेतला.

"तिच्या डोळ्याची नस सुकलीया. मोतीबिंदू न्हाय, काढून टाकायला. मधलं सगळं गेलंय तिचं. दाट काळं आन् पांढरं असलं तर तेवढं कळतंय."

मी म्हणालो, "मग घरी हे ठेवा. प्रदर्शनाला नेहमीसारखे छापा."

"आन् ती जरीचं नेसून यील आन् कोऱ्या कागदाम्होरं उभी ऱ्हाईल? चारचौघांत?" त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. "कुणाला सांगितलेलं न्हाय तिनं. लोक हाताला धरून चालवायला लागतील म्हणती. तुमी बी सांगायचं न्हाय, शेक्रेटरी."

मी मंडळात जाऊन सांगितलं, "ऐकत नाहीत." अध्यक्ष म्हणाले, "मग बसू द्या." फोटो तसेच लावू या, म्हातारा माणूस आहे, एवढं म्हणायला कारण सांगावं लागत नव्हतं. तेही मी म्हणालो नाही. भिंत एका बिल्डरच्या मुलाच्या रंगीत पोपटांना गेली.

उद्घाटनाच्या संध्याकाळी मी पोपटांपुढे फार वेळ उभा राहू शकलो नाही. रिक्षा करून हिंदुरावांकडे गेलो. दारात थबकलो. लोखंडी कपाट खोलीच्या मधोमध ओढलेलं, त्यावर गाद्यांची चळत. देव, कॅलेंडर, घड्याळ, सगळं खाली उतरवलेलं. रिकाम्या केलेल्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फोटो होते, आणि लग्नात लावायचा मोठा दिवा त्यांच्यावर सोडलेला. वैनी जरीच्या लुगड्यात, केसांत गजरा. हिंदुराव इस्त्रीच्या शर्टात, हात मागे बांधून त्यांच्या शेजारी.

"या भावजी," पावलं ओळखून वैनी म्हणाल्या. "हिकडं लावायचं ठरलं. हॉलमध्ये लई गर्दी हुती म्हणं."

"हो," मी म्हणालो.

त्या एकेका फोटोला नाक टेकेल इतक्या जवळ जात, मग मागे सरत. हिंदुराव विचारत, "काय दिसतंय?"

"ह्यो मसाईचा कडा."

"बरोबर."

"ही आमच्या नेसरीची ओढ्याकाठची चिंच."

"बरोबर."

शेवटचा फोटो सगळ्यांत मोठा होता. नेसरीचाच माळ, आणि त्यावर एकटा काळा कातळ. ऊन उतरायची वाट बघत ते दोघं त्या कातळावर दिवसभर बसले होते, हे मला हिंदुरावांनीच कधीतरी सांगितलं होतं. वैनी बराच वेळ पाहत राहिल्या. मग हसल्या.

"अगोबाई. म्हस बसलीया की."

मी हिंदुरावांकडे पाहिलं. ते फोटोकडे बघत होते. मग वैनींच्या आणखी जवळ सरकले.

"व्हय," ते म्हणाले. "लई येळ बसली हुती. उठंचना."