गळणारा कप आणि कोरडा हात

"कप गळत नसतो, सूनबाई. हात गळतो!"

कंपाउंडरांनी हे वाक्य असं उच्चारलं, की खाली फक्त सही-शिक्का मारायचा बाकी राहिला. त्यांची सगळी नोकरी दवाखान्यात औषधं ओतण्यात गेली होती. मोठ्या बाटलीतून लहान बाटलीत, लहान बाटलीतून रोग्याच्या चमच्यात. डॉक्टर बदलले, भिंतींचा रंग बदलला, पण कंपाउंडरांचा हात कोरडा तो कोरडाच. निवृत्त झाले तरी गल्लीत कोणी त्यांना नावानं ओळखत नव्हतं. पोस्टमनसुद्धा दारात येऊन "कंपाउंडर आहेत का?" असंच विचारायचा.

सून ओट्यापाशी उभी होती. तिच्या हातात काचेचा मापाचा कप होता आणि ओट्यावर तेलाचं गोल कडं उमटलं होतं.

"मग हे काय आहे, बाबा? ओतते भांड्यात, आणि धार कपाच्या पोटावरून माझ्या कोपरापर्यंत येते. फळीवर मुंग्यांनी संसार थाटलाय. मी उद्या प्लास्टिकचा आणते. हा टाकून देऊ."

टाकून देऊ! लग्नानंतर त्यांनी बायकोसाठी आणलेली ती पहिली वस्तू होती. साडी नाही, आरसा नाही, मापाचा कप! दुसऱ्या कोणी आणला असता तर बायकोनं कपाळाला हात लावला असता. त्यांच्या बायकोनं मात्र तो दोन्ही हातांनी घेतला होता. आता ती नव्हती. कप होता.

"तुझ्या सासूबाईंनी आयुष्यभर याच कपानं मोजलं," ते म्हणाले. "ओटा कसा आरशासारखा असायचा! एक थेंब सांडलेला मी पाहिला नाही."

सुनेनं ओट्यावरचं कडं पुसलं. गेलेल्या सासूशी बरोबरी म्हणजे फोटोशी कुस्ती. फोटो कधी हरत नाही.

मग हळूच म्हणाली, "उद्या मावशी यायच्यात. मी केक करणार आहे. दूध-तेल तुम्ही ओता. एक थेंब सांडला तर कप मी टाकणार. नाही सांडला तर राहू दे."

"ठरलं!" कंपाउंडर म्हणाले आणि लगेच तीनदा शिंकले. सर्दीनं त्यांचं नाक आठवडाभर बंद होतं. गळ्याला मफलर, छातीला बाम. बाम त्यांचा स्वतःचा, घरी घोटलेला. त्या वासानं पडदेसुद्धा खोकतील अशी घरची अवस्था होती.

सून भाजी आणायला गेली तशी त्यांनी कपात पाणी भरलं आणि सरावाला बसले. दवाखान्यातल्यासारखी संथ धार सोडली. पाणी चोचीशी आलं, क्षणभर थबकलं, मग लाळ गाळणाऱ्या बाळासारखं हनुवटीवरून पोटावर आणि पोटावरून थेट त्यांच्या बाहीत! त्यांनी कप डावीकडे वळवला. मांडी भिजली. चोचीला चमचा टेकवून ओतलं. चमच्यानं पाणी नीट भांड्यात नेलं आणि उरलेलं मोज्यावर सोडलं.

कंपाउंडर ओला मोजा बघत बसले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपला हात परका वाटला. बायकोला जमत होतं ते आपल्याला जमू नये? हा कप तर त्यांनी स्वतः जपला होता. ती गेल्यावर तिची सगळी भांडी त्यांनी उकळून घेतली होती. कपाच्या गळ्याला तिनं कापडाची एक पट्टी गुंडाळलेली असायची. बायकांना झालरीची हौसच असते, असं म्हणून त्यांनी ती कळकट पट्टी कापून फेकली होती आणि कप लख्ख केला होता.

मग त्यांना दवाखान्यातली जुनी युक्ती आठवली. बाटलीच्या ओठाखाली बोटभर स्निग्ध मलम लावलं, की थेंब चिकटत नाही. मुकाट्यानं पुढे उडी मारतो. ते उठले आणि आपल्या औषधांच्या पेटीकडे गेले. पेटीत दोन डब्या होत्या, जुळ्या बहिणींसारख्या. एकीत साधं मलम, एकीत बाम. चिठ्ठी एकीवरही नव्हती. नोकरीभर चिठ्ठ्या चिकटवून ते कंटाळले होते. घरात चिठ्ठी कशाला? झाकण उघडायचं, वास घ्यायचा, झालं!

त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला. वास आला नाही. म्हणजे हेच साधं मलम!

दुसऱ्या दिवशी कंपाउंडर ओट्याशी उभे राहिले. चोचीला त्यांनी आतून-बाहेरून दाबून लेप दिला होता. मुलगा कामावर न जाता बघायला थांबला होता. सून श्वास रोखून बघत होती. तेल गेलं. दूध गेलं. पुन्हा दूध गेलं. ओटा कोरडा! कपाचं पोट कोरडं! बाही कोरडी!

"हरले, बाबा," सून म्हणाली. तिचा आवाज लहान झाला होता. "माझाच हात वाईट."

"सवयीनं जमेल," कंपाउंडर उदारपणे म्हणाले.

"बामाचा वास फार येतोय हो आज," मुलगा म्हणाला.

"सर्दी मला आहे, तुला नाही. जा कामावर."

दुपारी मावशी, म्हणजे कंपाउंडरांची धाकटी मेहुणी, आली. ही बाई जन्मात कुणाला घाबरली नव्हती, भावजींना तर नाहीच. तिच्यापुढे केकचा मोठा तुकडा ठेवला. तिनं घास घेतला. चावायची थांबली. डोळे मोठे झाले, मग त्यांत पाणी आलं.

"आवडला?" कंपाउंडरांनी विचारलं.

"भावजी," ती म्हणाली, "हा खायचा, की छातीला चोळायचा?"

सुनेनं घास घेतला आणि मोरीकडे धावली. कंपाउंडरांनीही खाल्ला. त्यांना नुसता थंडावा लागला. पण जीभ काही बंद नव्हती; ती थंडी त्यांच्या ओळखीची होती. त्यांनीच घोटली होती ती!

मेहुणीनं सगळी हकिकत काढून घेतली. पैज, युक्ती, डब्या. पण ती हसली नाही. तिला हसताना न पाहणं हेच भयंकर होतं.

"ताईच्या हातून थेंब सांडत नव्हता, असं सांगितलंत पोरीला?"

"मी डोळ्यांनी पाहिलंय."

"काय पाहिलंत? पुसलेला ओटा! अहो, तो कप पहिल्या दिवसापासून गळतो. म्हणून तर ती गळ्याशी पट्टी गुंडाळायची. धार उतरली की पट्टीत जिरायची. रोज धुवायची, महिन्यानं बदलायची. मी म्हटलं होतं, ताई, फेक तो. म्हणाली, दवाखाना त्यांच्या हाताला नावाजतो, आणि घरात आणलेली पहिली वस्तू गळकी निघाली, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

कंपाउंडर खाली बसले. इतकी वर्षं ते दवाखान्यातल्या टेबलाला थेंब दाखवला नाही म्हणून मिरवत होते, आणि घरात कोणीतरी रोज त्यांच्या नावाचा थेंब टिपत होतं. ती झालर नव्हती. आणि त्यांनी ती कापून फेकली होती!

"सूनबाई," ते म्हणाले, "तुझा हात चांगला आहे. कप टाक. मी खोटं बोललो नाही, पण खरंही मला ठाऊक नव्हतं."

सून मोरीपाशी तोंड पुसत होती. तिनं कप उचलला, घासून घासून धुतला आणि पुन्हा फळीवर ठेवला.

"आता कसा टाकू?" ती म्हणाली. "पट्टी बांधा तुम्ही."

कंपाउंडर तत्काळ उठले. बँडेज बांधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांनी कपाच्या गळ्याला पांढरीशुभ्र पट्टी अशी बांधली, की कप आता बरा होऊन घरी जाणार असं वाटावं. मेहुणीसाठी पुन्हा चहा झाला. सुनेनं त्या कपानं दूध ओतलं. धार उतरली, पट्टीत जिरली. ओटा कोरडा!

कंपाउंडरांनी भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे पाहिलं.

मेहुणीनं चहाचा कप तोंडाशी नेला, वास घेतला आणि तसाच खाली ठेवला.

"बाबा," सून फार हळू आवाजात म्हणाली, "ही पट्टी कुठून काढलीत?"

"कुठून म्हणजे? औषधांच्या पेटीतून," कंपाउंडर म्हणाले. "त्या दोन डब्यांच्या खालून."

सून उठली आणि तिनं घराच्या सगळ्या खिडक्या उघडल्या.