सामानाजवळून पाहिलेली लंका

लंकेची सहल करून पुंजारामभाऊ नाशिक रोडला गाडीतून उतरले, तेव्हा अर्धी कॉलनी फलाटावर उभी होती. कॉलनीतून परदेशी गेलेला हा पहिलाच माणूस. सोबत त्यांच्या पत्नी भिमाबाईही गेल्या होत्या, पण हार एकच आणला होता.

"रविवारी विहारात तुमचं भाषण," अध्यक्ष कोंडाजीतात्यांनी तिथंच जाहीर केलं. "लंकेतील संस्कृती, निसर्ग आणि वन्यजीव. फळ्यावर लिहून बी टाकलंय."

भाऊ घरी आले, खाटेवर बसले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "अगं, लंका कशी होती?"

"मला काय विचारता? तुम्ही नव्हता का?"

होते. पण सामानाजवळ होते.

मागे एकदा मनमाडला गाडी बदलताना त्यांची वळकटी गेली. तेव्हापासून भाऊ सामान नजरेआड होऊ देत नसत. सहल मुंबईच्या एका मंडळाची होती. कँडीला सगळे मंदिर पाहायला निघाले, तेव्हा भाऊ म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं, मी बसतो." त्यांची एक पत्र्याची पेटी होती, आत स्टोव्ह, बाजरीचं पीठ आणि लोणच्याची बरणी. भाऊ बसणार हे ऐकून मुंबईच्या एका बाईंनी आपलीही पिशवी तिथं टेकवली. "बसलाच आहात, तर जरा लक्ष ठेवा." दुसऱ्या मुक्कामाला सगळ्या बसचं सामान भाऊंपाशी आलं. अनुराधपूरला बोधिवृक्षापाशी अनवाणी जायचं, म्हणून चपलाही आल्या. नदीवर हत्ती आंघोळीला आले, सगळे धावले. भाऊंना उठता येईना, मांडीवर कुणाची तरी पर्स होती. वन्यजीवांपैकी त्यांना फक्त एक माकड भेटलं. तेही चपलेसाठी आलं होतं.

आता भाऊंनी शिकवणी लावली.

"हत्ती केवढा होता?"

"हत्तीएवढा."

"अगं, नीट सांग की! भर सभेत इज्जत जाईल माझी."

"मी म्हणत होते ना, चला म्हणून? तर म्हणे लोणचं एकटं पडंल."

तरी भाकऱ्या थापता थापता त्यांनी बरंच सांगितलं. रविवारी भाऊंनी नारळाची झाडं, चहाचे मळे आणि हत्ती सुखरूप पार पाडले. टाळ्याही पडल्या. मग मागून वाल्मीक उठला. हा प्रेसमधला तरुण कामगार, शंका विचारल्याशिवाय सभा सोडत नसे.

"भाऊ, बोधिवृक्षापाशी उभं राहून कसं वाटलं?"

भाऊंनी बायकांच्या बाजूला पाहिलं. हे काही भिमाबाईंनी शिकवलं नव्हतं. समोर बुद्धमूर्ती. हत्तीचं ठीक होतं, पण इथं थाप मारायला जीभ रेटेना.

"मी गेलोच नाय आत," भाऊ म्हणाले. "बाहेर चपला राखत होतो. सगळीकडंच."

भाऊंनी खाली बसायची तयारी केली.

"सगळ्या बसच्या चपला?" कोंडाजीतात्यांनी विचारलं.

"हो. सामान बी."

"काय हरवलं?"

"एक नग नाय. माकडाकडून बी चप्पल परत घेतली."

कुजबुज सुरू झाली. तात्या उठले. "मंडळी, पुढच्या वर्षी आपल्या कॉलनीचीच लंकेची सहल काढायची. मागं सामानाची काळजी म्हणून कुणी तयार होत नव्हतं, आता ती मिटली. भाऊंना फुकट न्यायचं!"

भाषणाला नव्हत्या इतक्या टाळ्या पडल्या. तिथंच नावनोंदणी झाली आणि भाऊंना दुसरा हार मिळाला.

वाटेत भाऊ म्हणाले, "तू पण चल की."

"मी पाह्यलीय लंका," भिमाबाई म्हणाल्या. "तुम्ही या जाऊन. फक्त चपला घेऊन बसायची जागा नीट बघा. झाड दिसंल अशी."