चाकाचा परीघ

जानेवारीतल्या चाचणीत तेजस्वीला गणितात वीसपैकी सात पडले आणि बाईंनी तिच्या वडिलांना शाळेत बोलावून घेतलं. बाई स्वभावाने चांगल्या. त्या रागावल्या नाहीत, मुलीला आवड कशाची आहे एवढंच त्यांनी विचारलं. सयाजीने सांगितलं, सायकलची. गिअरची सायकल घेऊन डोंगरात हिंडायचं म्हटलं की तिला जेवणाचीही शुद्ध राहत नाही. मग त्यातूनच शिकवा की, असं बाई सहज बोलून गेल्या. सयाजीला कुणी काही सहज सांगू नये, हे त्यांना बिचाऱ्यांना कुठून ठाऊक असणार?

सयाजी उद्यमनगरात लेथवर टर्नर होता. बावीस वर्षं लोखंड मापात आणता आणता त्याला प्रत्येक गोष्ट मापायची खोड लागली होती. खिशात एकवेळ पेन नसे, पण व्हर्नियर असे. स्वतः दहावीला गणितातच गेलेला. पोरीचं तसं होऊ नये, एवढीच त्याची तळमळ होती.

दर रविवारी सकाळी बापलेक मंगळवार पेठेतून निघत, ती सायकलवर आणि तो मागून मोटरसायकलवर. गावाबाहेरच्या एखाद्या कच्च्या वाटेने ती टेकडी चढायची. वर खडकावर बसून दोघं शेंगा खात आणि ती आठवडाभराचं सगळं सांगायची; कुणाशी बिनसलं, कुणाशी जमलं, कुठली बाई कशी चालते. एरवी घरात सातवीतली ही मुलगी हो-नाहीपलीकडे बोलत नसे. सयाजीला आपली लेक आठवड्यातून मिळायची ती तेवढीच, त्या खडकावर.

पहिला धडा तिथेच झाला.

"पुढच्या चकतीला बेचाळीस दात, मागच्या चकतीला चौदा," सयाजी म्हणाला. "पायडल एकदा फिरवलं तर मागचं चाक किती वेळा फिरंल?"

"तीन," ती शेंग फोडत म्हणाली.

सयाजीला आकाश ठेंगणं झालं. पुढच्या रविवारी उतारावर घर्षण झालं. त्याच्या पुढच्या रविवारी चिखल आणि मुरूम दाखवून भूगोल झाला, आणि घरी आल्यावर सायकलच्या आत्मवृत्तावर दोन पानी निबंध. खडकावरच्या गप्पांची आता तोंडी परीक्षा झाली होती. पोरगी गोष्टी सांगायची थांबली, पण उत्तरं बरोबर येत होती, म्हणून सयाजीच्या ते ध्यानातच आलं नाही.

मार्चमध्ये परिघाची पाळी आली. दोऱ्याने मापणं सयाजीला कमीपणाचं वाटलं. त्याने मागच्या टायरवर एके ठिकाणी लाल ऑइलपेंटचा पट्टा मारला, तेजस्वीच्या हाती हँडल दिलं आणि गल्लीतून सायकल चालवत न्यायला लावली. दर फेऱ्याला जमिनीवर एक ठिपका उठत होता. तो पेंटचा डबा घेऊन मागे, डोळे ठिपक्यांवर. सातवा ठिपका शेजारच्या बायडाबाईंनी वाळत घातलेल्या सांडग्यांवर उठला. बायडाबाईंनी सायकलच धरली, त्या ओढाताणीत सयाजीच्या हातातला डबा मागच्या गिअरवर पालथा झाला, आणि हँडल हातात होतं म्हणून माफी मागावी लागली ती तेजस्वीला.

पेंट वाळायच्या आत गिअर खोलणं भाग होतं. पेठेत फक्रुद्दीनभाईंचं सायकलचं दुकान दोनशे पावलांवर, पण टर्नरने दुसऱ्याच्या दारात दोन चकत्या घेऊन जायचं म्हणजे काय? सयाजीने सगळं खोललं आणि डिझेलने धुतलं. खोललंच आहे तर त्याने प्रत्येक चकती व्हर्नियरने मापली, पोरीकडून आकडे लिहून घेतले. चकत्यांमधली एक रिंग झिजलेली वाटली, ती लेथवर नवी करून आणली. एकदम मापात. फक्त जोडल्यावर साखळी सगळ्यात लहान चकतीवर अडकली ती तिथून हलेना.

"पप्पा, परवा जोतिबाच्या डोंगराची राइड हाय," तेजस्वी म्हणाली. "फक्रुद्दीनचाचांकडं टाकूया की."

"चालवशील तसं बसंल त्ये," सयाजी म्हणाला.

बसलं नाही. तीन महिने ती ज्या राइडची वाट बघत होती, त्या राइडच्या पहिल्याच चढाला पायडल दगडासारखं जड झालं. तिच्याहून लहान पोरं बाजूने वर निघून गेली. ती उतरली आणि सायकल ढकलत चालू लागली. मागून मोटरसायकलवर येणाऱ्या सयाजीला काहीतरी बोलून तिला हसवावं असं वाटलं.

"आता बारक्या चकतीला ताकद जास्त का लागती, कळलं का?"

तिने मागे वळून पाहिलं नाही. ते वाक्य परत घेता आलं असतं तर सयाजीने त्यासाठी लेथ विकला असता, पण लेथ मालकाचा होता.

दुसऱ्याच दिवशी तो निमूट फक्रुद्दीनभाईंकडे गेला. त्यांनी दहा मिनिटांत एक उलटी बसलेली चकती सरळ केली आणि चहा पाजला. सायकल पुन्हा लोण्यासारखी चालू लागली, पण बसायला कुणी नव्हतं. रविवारी सकाळी तेजस्वी दार लोटून गणिताचं पुस्तक घेऊन बसायची. सयाजीने शेंगा आणून बघितल्या. "अभ्यास हाय," ती म्हणायची, आणि ते खरंच होतं.

निकालाच्या दिवशी बाईंनी वार्षिकचा पेपर त्याच्यापुढे ठेवला. पन्नासपैकी सत्तेचाळीस. तुमची पद्धत पालकसभेत सगळ्यांना सांगाल का, असंही त्यांनी विचारलं. सयाजी पानं उलटत राहिला. सगळीकडे बरोबरच्या खुणा. एकच प्रश्न तीन मार्कांचा, कोरा: सायकलच्या चाकाचा व्यास सत्तर सेंटिमीटर, तर शंभर फेऱ्यांत अंतर किती?

घरी जाताना त्याने विचारलं, "ह्यो का सोडलास बाळा? येत न्हवतं?"

"येत हुतं," तेजस्वी म्हणाली.

गल्लीत शिरल्यावर ती पुढे झाली आणि सयाजी मागे राहिला. जमिनीवरचे लाल ठिपके अजून गेलेले नव्हते, एकमेकांपासून बरोबर दोन मीटर सात सेंटिमीटरवर. ते ओलांडत तो, सातवा जिथे सांडग्यांवर उठला होता आणि पोरीला माफी मागावी लागली होती, तिथपर्यंत गेला आणि तिथेच जरा वेळ उभा राहिला.