अच्युतबुवांचा सूर थेट वाटेने आला त्याची हकीकत

श्रीनाद प्रसन्न. कथेस बसणारांचे कान निर्मळ राहोत आणि लिहिणाराचे हातून सुरास बट्टा न लागो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, माघमासी एके राज्यी वर्तमान जाहले ते ऐसे.

राज्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. तेथील महाराज कीर्तनाचे बहुत वेडे, आणि त्यांचे देवळी अच्युतबुवा कीर्तनकार, ज्यांचा गळा म्हणजे साक्षात प्रसाद. ते बुवा मागील साली वैकुंठवासी जाहले आणि मागे राहिले एक ध्वनिमुद्रण, देवळातच केलेले, संगणकात ठेविलेले. मग महाराजांनी मनी धरिले की यंदा उत्सवात बुवांचेच कीर्तन लावावे, गादी दुसऱ्यास देऊ नये. परंतु रिवाज ऐसा की पूर्वरंग संपता बुवांस माळ पडावी आणि माळ पडल्याविना उत्तररंग होऊ नये, आणि माळेचा मान बुवांचे कुटुंब द्वारकाकाकू यांजकडे. काकू म्हणाल्या, "आधी ऐकेन. आमचे मनुष्य त्यात असतील तर माळ घालीन. नसतील तर यंत्रास फुले कशाला? दुसरे बुवा बोलवा." महाराजांनी शब्द दिला.

मग उत्सवाचे दिवशी मांडवात गादी घातली, गादीवर बुवांची पगडी ठेविली, आणि संगणकास कर्णे जोडून कीर्तन लाविले. काकूंनी डोळे मिटून ऐकिले आणि वदल्या, "हे विहिरीत पडलेत वाटतं. दोर टाका कुणीतरी." मंडळी हसली, महाराजांचे मुख उतरले. तेव्हा नादखात्याच्या उमाबाई पुढे जाहल्या आणि म्हणाल्या, "महाराज, संगणकात सूर नसतो, आकडे असतात, आणि आकड्यांचा सूर करणारा त्यातला कारागीर हलका. ते काम बाहेरच्या पेटीस द्यावे." मग डॅक नामे हाताएवढी पेटी आणविली, आणि भाविकांनी तिजला हळदकुंकू वाहिले, आणि कारभारी नारोपंतांनी वर शाल घातली. उमाबाईंनी शाल काढिली. "पंत, ही तापते. शाल तुम्हीच पांघरा." मग पुन्हा लाविले, तों झांज उजळली, चिपळ्या लखलखल्या, परंतु काकूंनी मान हालविली. "विहीर चकचकीत झाली. माणूस आतच आहे." तेव्हा दुसऱ्या बुवांस आणावयास मोटार दाराशी लागली.

इतक्यात उमाबाईंची नजर पेटीचे मुखावरील आकड्यावर गेली आणि त्या जागीच थबकल्या. म्हणाल्या, "मुद्रण चव्वेचाळीस हजार शंभराचे, म्हणजे एका सेकंदात सुराची तितकी टिपणे. आणि पेटी म्हणते, मला अठ्ठेचाळीस हजार पोचली. वरची कोणी घातली?"

नारोपंत म्हणाले, "जास्त पोचली तर बरेच की. पंगतीत वाढप्यावर कोणी रागावते काय?"

"बुवांनी न घेतलेले श्वास तुम्ही त्यांस वाढता, पंत."

मग उमाबाईंनी संगणक उघडून पाहिला, तों आत एक यंत्राचा कारभारी बसलेला. सारे आवाज, निरोपाची घंटीसुद्धा, तो एकाच पातेल्यात ढवळी आणि आपल्या मापाने पुढे ओती. आणि त्यावर कोणी 'देऊळ' नामे घुमारा लाविलेला. महाराजांनी पुसिले, हे कोणी केले? नारोपंत हळूच वदले, "मीच. कीर्तन मांडवात होणार, मग देवळाचा घुमारा नको?"

"मुद्रण देवळातलेच आहे हो. तुम्ही देवळात देऊळ बांधलेत," ऐसे उमाबाई बोलल्या आणि विनंती केली की घुमारा काढावा, आणि यंत्राच्या कारभाऱ्यास बाजूस सारून सुरास पेटीपर्यंत थेट वाट द्यावी. नारोपंत उभे राहिले. "या दरबारी कारभाऱ्याचा हात लागल्याविना काही पुढे जात नाही, हा पिढ्यांचा शिरस्ता. आज यंत्राचा काढाल, उद्या माझा."

महाराज म्हणाले, "तुम्ही राहा, पंत. पण बुवांस आम्ही कधी मध्यस्थामार्फत ऐकिले काय? वाट मोकळी करा."

वाट मोकळी जाहली आणि पेटीवरील आकडा बदलून चव्वेचाळीस हजार शंभर जाहला, आणि मग काय सांगावे, विहीर गेली, कर्णे गेले, मांडवही गेला, आणि बुवा पुढ्यात उभे. श्वास घेतला तो दिसला, चिपळी मिटली ती कळली, आणि पूर्वरंगाचे शेवटी पखवाज मंदावला, तों त्या आडून डबीचे झाकण टिचकले आणि नाकाने काही ओढिल्याचा बारीक आवाज जाहला.

काकूंनी डोळे उघडिले. "थांबवा. तेवढंच पुन्हा लावा." पुन्हा लाविले. काकू गादीकडे पाहून म्हणाल्या, "तपकीर. देवाच्या पायांवर हात ठेवून सोडली म्हणाला होतात. आणि पखवाजाच्या आडून ओढता? इतकी वर्षं?"

काकूंनी डोकीवरचा पदर सारखा केला, माळ उचलिली आणि पगडीवर घातली, आणि फुले नीट करता करता हलकेच वदल्या, "घ्या. आता शिंकू नका, लोक बसलेत." आणि उत्तररंग उभा राहिला.

येणेप्रमाणे बुवा आपल्या वाटेने आले, गादी त्यांचीच राहिली, मोटार रिकामी परतली. नारोपंतही कारभारी राहिले, आणि शाल त्यांसच मिळाली. जैसे कानी पडले तैसे कागदी उतरविले. वाटेत आम्ही काही घातले नाही.